तीन वाट्यांचा ओटा

सावरघळच्या बंधाऱ्यापाशी, पाटाचं पाणी जिथं पहिल्यांदा शेतांकडे वळतं तिथं, काळ्या दगडाचा एक ओटा आहे. पाहुणे येतात, बंधाऱ्याचे फोटो काढतात आणि ओट्यावर टेकून विचारतात, इथला देव कुठला? देव नाही. शेंदूर नाही की वर छप्पर नाही. बांधावरून, पाण्यावरून, कोंबडीवरून, सुनेला काही बोलल्यावरून गावात कुणाचं फाटलं की दोन्हीकडची माणसं इथं येऊन बसतात. याला तीन वाट्यांचा ओटा म्हणतात. नाव ऐकून पाहुण्यांना खाण्यापिण्याचं काही असेल असं वाटतं. त्यांचं ते वाटणं फार वेळ टिकत नाही.

पूर्वी घड्याळं नव्हती. पाटाचं पाणी पाळीनं मिळे आणि पाळी वाटीवर मोजत. पाण्यानं भरलेल्या घंगाळात तांब्याची वाटी सोडायची. वाटीच्या बुडाला बारीक भोक. त्यातून पाणी चढत जाई, वाटी भरून बुडे, आणि ती बुडाली की एक घटका झाली. हे काम कोंडाई नावाच्या विधवेकडे होतं. बंधाऱ्याला लागून तिचं खोपट. वाटी बुडाली की ती टांगलेल्या काशाच्या तासावर टोला द्यायची आणि टोले मोजून शेतकरी पाणी पुढच्याला सोडायचा. त्याबद्दल घराघरातून सुपलीभर धान्य मिळे, त्यावर तिचं पोट. तिच्या टोल्यावर कधी कुणी शंका घेतली नाही, असं सांगतात. बाईला त्याचा फार ताठा होता.

एका वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी, दोन पाळ्यांच्या मध्ये तिनं वाटी चिंचेनं घासली. सण तोंडावर आलेला आणि वाटी पार काळवंडलेली. घासताना भोकाच्या कडेची पांढरी खपली निघून आली. पाण्यातला क्षार वर्षभर साचून भोक लहान झालं होतं, ते मोकळं झालं. कोंडाईनं खपली पाटात टाकली, वाटी लख्ख धुतली आणि पुन्हा घंगाळात सोडली. वाटी आता लवकर बुडू लागली, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

घासण्याआधीची पाळी सटवाजीची झाली होती. त्याचं शेत नेहमीसारखं भिजलं. नंतरची, त्या दिवसाची शेवटची पाळी त्याच्या खालच्या म्हाळूची. त्याचे चार टोले वाजले तेव्हा त्याचे पाच वाफे कोरडेच होते. म्हाळूनं वर पाहिलं तर सटवाजीच्या शेतात पाणी चमकत होतं. त्याच्या डोक्यात एकच आलं. आपल्या पाळीत यानं मधेच पाटाचं दारं मोडून पाणी ओढलं.

पाडव्याला पाट बंद होता. दुसऱ्या दिवशी पाळ्या सुरू व्हायच्या आधीच पंच बसले. हैबती पाटील मुख्य. कोरडे वाफे साऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे विचारायचं काही उरलं आहे असं कुणाला वाटलं नाही.

"पाटील, म्या दाऱ्याला हात लावला न्हाई," सटवाजी म्हणाला. "न केलेलं कबूल कसं करू?"

"कबूल करशील तवर गावाचं पाणी, इस्तव आणि शब्द बंद," पाटील म्हणाले. "सुचंल दोन दिसांत."

कोंडाई बायकांत मागं बसली होती. वाफे पाच, म्हणजे एका वाटीहून थोडं कमी पाणी, असा हिशेब तिच्या मनात आपोआप झाला आणि तिला ती पांढरी खपली आठवली. उठून सांगितलं तर वाटी जाणार, धान्य जाणार, आणि तिच्या टोल्यावर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही. शिवाय तिनं स्वतःची समजूत घातली, की सटवाजी दोन दिवसांत कबूल करील, नारळ फुटेल, मिटेल. खरं सांगायचं तर त्या सभेतल्या प्रत्येकानं हेच धरलं होतं. घरी येऊन तिनं भोकाच्या कडेला मेणाचा कण लावला. वाटी पहिल्यासारखी बुडू लागली, सगळ्यांना पाणी पुरू लागलं, आणि लोक म्हणाले, बघा, चोर वेगळा काढला तर कसं पुरतंय.

सटवाजीनं कबूल केलं नाही. त्याची बायको बयजा गरोदर होती. खालच्या ओढ्यावरून पाणी वाहायची, चकमकीनं चूल पेटवायची. वाटेत भेटलेल्या बायका पदर सावरून बाजूला व्हायच्या. कोंडाई तिला रोज पाहायची आणि रोज उद्यावर ढकलायची.

वैशाखात एका सकाळी बयजाला कळा लागल्या. दिवस भरायला अजून अवकाश होता. सटवाजी सुईणीकडे धावला, ती म्हणाली, पंचांनी सांगितलं तर येते. तो पंचांकडे गेला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "केली चोरी. कबूल हाय. सुईण द्या." पण पाटील त्या दिवशी बाजाराच्या गावाला गेलेले. पाटलांनी घातलेली बंदी पाटलांशिवाय उठत नाही, असं बाकीचे म्हणाले. मग तो खिंडीपलीकडच्या गावची सुईण आणायला निघाला.

मागं बयजा एकटी. तिनं हाका मारल्या. आधी नवऱ्याला, मग शेजारणींना एकेकीचं नाव घेऊन, मग नुसतंच, कुणी हाय का. तिचं घर बंधाऱ्याच्या वर, कोंडाईला शब्द न् शब्द ऐकू येत होता. कुणाची तरी पाळी चालू होती, आणि पाळी चालू असताना वाटीवालीनं उठायचं नाही असा रिवाज होता. कोंडाई त्या रिवाजाला धरून बसली. वाटी बुडाली, तिनं टोला दिला, वाटी पुन्हा सोडली. वरून हाका येतच होत्या. नंतर त्या थांबल्या.

सटवाजी सुईण घेऊन आला तेव्हा आई आणि मूल दोघंही गेली होती. खांदा द्यायला गावातलं कुणी आलं नाही, बंदी होती ना. परगावच्या सुईणीनं म्हणे तिरडीचं एक टोक धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाईनं घंगाळ आणि वाटी उचलून चावडीसमोर आणली. गाव जमलं तेव्हा तिनं वाटी बुडवून दाखवली. मग सुईच्या टोकानं मेण खरवडलं आणि पुन्हा बुडवून दाखवली. "चोरी झालीच न्हवती," ती म्हणाली. "मला ठावं हुतं. म्या बोलले न्हाई. काल बयजाच्या हाका आल्या, तवाबी उठले न्हाई."

हैबती पाटलांना आपला न्याय आठवला. कोंडाई आणि म्हाळू, दोघांनाही वाळीत टाकावं, असं ते म्हणाले. पंचांनी माना डोलावल्या.

सटवाजी उभा राहिला. "ह्यांना वाळीत टाकलं आणि उद्या ही म्हातारी हाका मारू लागली, तर म्या बी दार लावून बसायचं का? ते माझ्याकडनं करून घिऊ नका, पाटील."

"मग तुला काय पायजे?"

"एकेकानं उठून सांगा, हाक आली तवा तुमी काय करत हुता. आणि ती किती येळ हाका मारत हुती, ते सांगा."

पुढचं ऐकायला पाहुण्यांनाही जड जातं. एक बाई म्हणाली, ऐकू येऊ नये म्हणून जातं जोरात फिरवलं. म्हाळूनं दार लावून घेतलं होतं. गावच्या सुईणीनं गाठोडं बांधलं आणि पुन्हा सोडलं. पाटील म्हणाले, मी गावात नव्हतो, पण माझ्या माघारी कुणी काही बदलू नये अशी जरब मीच बसवली होती. हे त्यांनी खाली बघून सांगितलं. किती वेळ, याला मात्र साऱ्यांचं उत्तर एकच होतं. थोडाच वेळ, सटवाजी. फार न्हाई.

शेवटी कोंडाई उरली. थोडाच वेळ म्हणणं तिला सोपं होतं, आणि सटवाजीलाही ऐकायला तेच हवं असेल असं तिला वाटलं. पण आयुष्यभर तिनं वेळ मोजण्यावाचून दुसरं काही केलंच नव्हतं.

"तीन वाट्या," ती म्हणाली. "तिसरी बुडायच्या जरा आधी थांबली."

"आणि पोर?"

"पोर रडल्याचं ऐकलं न्हाई."

सटवाजीनं माफ केलं असं कुणी सांगत नाही, आणि त्यानं ते केलं असेल असं वाटतही नाही. तो एवढंच म्हणाला, "वाटी हिच्याकडंच ऱ्हाऊ द्या." पुढं त्यानं ते घर स्वतः पाडलं. म्हाळू न बोलवता आला आणि दगड वाहू लागला. त्या दगडांचा हा ओटा. कोंडाई मरेपर्यंत त्याच्या कडेला वाटी घेऊन बसायची, पण त्यावर चढून कधी बसली नाही, असं सांगतात.

आजही भांडण घेऊन इथं आलेल्यांना पंच नसतात. घंगाळात वाटी सोडतात. ज्यानं त्यानं आधी आपण काय केलं ते सांगायचं, समोरच्यानं काय केलं ते नंतर. सावरघळमध्ये तेव्हापासून कुणाला वाळीत टाकलेलं नाही. बहुतेक भांडणं दुसरी वाटी बुडायच्या आत बोलून संपतात, पण लगेच उठून जाता येत नाही. तिसरी वाटी सोडतात, आणि ती बुडेपर्यंत भांडणारे दोघं तोंडातून शब्द न काढता, शेजारी शेजारी बसून राहतात.