पालथ्या वाटीवरची सुमेधा

"पण मी चांगली आई आहे की नाही, अक्का? तेवढंच सांगा."

मठातल्या अक्कांनी मान वर केली नाही. ओसरीवर बसून त्या सुमेधाच्या आठ महिन्यांच्या अबीरचे तळवे तूप लावून काशाच्या वाटीने घाशीत होत्या.

उद्यापासून सुमेधाला कॉलेजात पुन्हा शिकवायला जायचं होतं. जावं, की राजीनामा द्यावा? आई म्हणे जा, बहीण म्हणे जाऊ नकोस, आणि पुस्तकं म्हणत, दोन्ही चूक.

"सासूबाई सांभाळतील हो. पण तो रडला तर? आणि... नाहीच रडला तर?"

दुसऱ्या प्रश्नाचीच तिला जास्त धास्ती होती.

अक्कांनी वाटी पदराने लख्ख पुसून तिच्या हातात दिली.

"आत बघ. कोण आहे?"

"मीच. पण उलटी. डोकं खाली लोंबतंय."

"का गं?"

इथे सुमेधाला जरा बळ आलं. हाच धडा तर ती वर्गात शिकवायची. "अंतर्वक्र आरसा आहे ना, अक्का. किरण एकमेकांना ओलांडून जातात. प्रतिमा उलटी पडणारच."

"असं होय! मग कर सरळ."

सुमेधाने वाटी जवळ घेतली. चेहरा मोठा झाला, पण उलटाच. आणखी जवळ... आणि सगळंच विरघळलं. उरला एक पिवळट धूर, आणि त्यात भलामोठा डोळा. भेदरलेला.

"जवळून तर काहीच कळत नाही!"

"पालथी घाल."

पालथ्या वाटीवर सगळं सरळ उभं राहिलं. वाकलेले खांब, अंगण, अंगठा चोखणारा अबीर. पाठीमागे गवारीच्या शेंगा मोडत बसलेल्या सासूबाईसुद्धा, मान न वळवता दिसल्या.

"सगळे मावलेत," सुमेधा पुटपुटली. "पण मी केवढीशी, अक्का! वाटाण्याएवढी. त्यात अर्धं नाकच."

"नाक तुझंच आहे ना?"

"थट्टा नका करू. यातली खरी मी कोणती? आतली की बाहेरची? आणि उद्या... जाऊ की नको?"

अक्कांनी हात पुढे केला.

त्यांनी वाटी काढून घेतली. तुपाचं बोट वाटीच्या बुडावर फिरवलं. वाटाणा पुसला गेला...

मग सुमेधाच्या खांद्यावरून त्यांनी वाटी मागे, सासूबाईंपुढे धरली.

"मालनबाई, उद्या तूप जरा कोमट करून घ्या हं. गार लागलं की अबीर पाय आखडून घेतो."