विहिरीतलं पंधरा फूट पाणी

पठारावरच्या पाच गावांतल्या बायकांनी मिळून एक काम अंगावर घेतलं होतं. दर सोमवारी त्या आपापल्या गावच्या विहिरीत वजन बांधलेला टेप सोडायच्या आणि पाणी किती उरलंय ते वहीत लिहायच्या. त्यामुळे कुणी उपसा कधी थांबवायचा, हे भांडणाशिवाय ठरायचं.

त्या चैत्रात त्यांतल्या मोरदरी गावची विहीर आटली. टँकर मात्र मिळेना, कारण सरकारी अहवालात तिथे पंधरा फूट पाणी होतं. तळातलं डबकं उपसायला उतरलेली, तिथली वही ठेवणाऱ्या कौसाबाईंची जाऊ घसरून पडली आणि तिच्या कमरेचं हाड मोडलं.

मग चौकशीला उपअभियंता बेंद्रे आले. कौसाबाईंनी वही पुढे केली. बेंद्र्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही.

"बाई, टेपचे हे खेळ आमच्याकडे चालत नाहीत. आमची मोजणी यंत्रावरची आहे. पंधरा फूट म्हणजे पंधरा फूट."

कौसाबाई त्यांना विहिरीच्या काठावर घेऊन गेल्या.

"पोहता येतं ना, साहेब?"

"येतं की. का?"

"मग मारा उडी. पंधरा फूट पाण्यात काय होतंय?"

बेंद्रे खाली बघून दोन पावलं मागे सरले. "डोकं ठिकाणावर आहे का? खाली नुसता खडक आहे!"

"तेवढंच लिहून सही करा," कौसाबाई म्हणाल्या. "आमच्या बाईला हाड मोडून घेऊनही ते तुम्हाला पटवता आलं नाही. तुम्हाला उडी मारायची म्हटल्यावर लगेच दिसलं."

बेंद्र्यांनी उभ्याउभ्याच लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी टँकर आला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका हंडे घेऊन गुपचूप रांगेत उभ्या राहिल्या.