रिकामं उत्तर

“पण सर, खाल्लं कोणी?”

निनाद पाध्येने हे तिसऱ्यांदा विचारलं. मुजावर सर खिडकीशी बसले होते.

निनाद सरांचा जुना विद्यार्थी. पॉलिटेक्निकला पहिला आलेला, आणि ते अजून न विसरलेला. पुण्याहून गाडी हाणत मिरजेला आला आणि बूट काढल्या काढल्या लॅपटॉप उघडून बसला. सरांची बायको नसीमा जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तो त्यानंतर पहिल्यांदाच येत होता. त्याबद्दल एक शब्द? छे!

“नीट सांग,” सर म्हणाले. “मला आता सावकाश समजतं.”

त्याने सांगितलं. एका जिल्ह्यातले रुग्णवाहिकेसाठीचे फोन त्याच्या कंपनीच्या सर्व्हरवर येतात. कुठली गाडी कुठे आहे ते बघून सर्व्हर जवळची गाडी धाडतो. आणि हा सर्व्हर दर आठ-नऊ दिवसांनी मरतो. मेमरी संपते, म्हणजे काम करायला जागाच उरत नाही. बंद करून पुन्हा चालू केला की परत आठ दिवस गुण्यागोविंदाने चालतो.

“मंगळवारी अकरा मिनिटं बंद होता,” निनाद म्हणाला. “एक बाई नवऱ्यासाठी फोन लावत होती. त्याच्या छातीत दुखत होतं. शेवटी शेजाऱ्यांनी टेम्पोत घालून नेला.”

“वाचला?”

“वाचला... पण पुढच्या बुधवार-गुरुवारी सर्व्हर पुन्हा मरणार. तेव्हा कोण फोन लावत असेल, काय सांगावं?”



“प्रोग्रॅम तपासलेस?”

“एकूण एक. कोणीच फारशी मेमरी खात नाही. आमच्या टीममधल्या शाल्मलीचा प्रोग्रॅम सगळ्यांत मोठा, म्हणून मी तिलाच धरलं. सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोललो. ती नोकरी सोडून गेली. तिचा प्रोग्रॅम काढून टाकला... तरी सर्व्हर मेलाच.”

“मग?”

“मग बाकीचेही माझ्याशी बोलेनासे झाले. आता ऑफिसच्या खोलीत मी एकटाच बसतो.”



“पंगतीतली सगळी ताटं बघितलीस,” ते म्हणाले. “वाढप्याचं पोट बघितलंस का?”

वाढपी म्हणजे कर्नल. यंत्राच्या पोटातला तो भाग, जो बाकी सगळ्यांना जागा वाटून देतो. एवढं निनादला लगेच कळलं. पहिला आलेला ना!

“कर्नलमध्ये बाहेरचं असं काही नाहीये, सर. एक छोटासा जोडलेला भाग आहे, पण तो मी स्वतः लिहिलाय.”

म्हणजे तो तपासायचा प्रश्नच येत नाही. आपला तो बाब्या!

“चहा टाक,” सर म्हणाले.

निनाद कपाळाला आठ्या घालत स्वयंपाकघरात गेला. पातेलं शोधायला कपाट उघडलं तर आत डबे. वाट्या. झाकण्या. सगळं लख्ख घासलेलं आणि एकात एक कोंबलेलं. ओट्यावर तेच, फ्रिजवर तेच. दोन्ही शेगड्यांवरसुद्धा डब्यांची चळत. चहाचं पातेलं ठेवायला तसूभर जागा नाही.

त्याने एक वाटी उचलली. कडेला नाव कोरलं होतं, सौ. विमल सुतार. डब्यावर दुसरंच नाव. एका तांब्यावर कोण्या गंगूबाईंच्या स्मरणार्थ.

“सर, ही कोणाची भांडी?”

“शेजाऱ्यांची. नसीमा गेली तेव्हा सगळ्यांनी आणून दिलं. कालवण, भात, शिरा... महिनोन् महिने. कोणी काही कमी केलं नाही.”

“मग परत का नाही दिलीत?”

“रिकामं भांडं परत कसं द्यायचं रे? नसीमा चिमूटभर साखर तरी घालायची. चिमूटभर साखर कसली, ती शीरखुर्मा घालायची! मला साधा भात येत नाही. म्हटलं, काहीतरी शिकेन, मग देईन...”

“आणि आता?”

“आता कोणी पाठवत नाही.”

सर पुढे म्हणाले, “बेलही वाजत नाही. मधे मला वाटलं बिघडलीय. मीच बाहेर जाऊन वाजवून बघितली.”

निनादला हसू आलं. पण ते ओठांवरच राहिलं. हातातली वाटी खाली ठेवायला जागा नव्हती, ती घेऊनच तो लॅपटॉपकडे धावला.

त्याने स्वतः लिहिलेला भाग उघडला. काम साधं होतं. प्रत्येक गाडीला सारखं विचारायचं, कुठे आहेस? विचारण्यापुरती थोडी जागा घ्यायची. ठावठिकाणा आला की तो पुढे द्यायचा आणि जागा परत करायची.

पण गाडी घाटात असली की रेंज जायची, आणि उत्तर रिकामं यायचं. रिकामं उत्तर आलं तर काय, हे त्याने लिहिलंच नव्हतं. ती जागा तशीच अडकून पडायची. एका वेळी चिमूटभर. आठ दिवसांत सगळं गच्च.

त्याने दोन ओळी घातल्या. रिकामं आलं, तरी परत कर. मग लॅपटॉपवरच खोटी रिकामी उत्तरं सोडून बघितली, हजारोंनी. अर्धा तास झाला. अडकलेल्या जागेचा आकडा वाढला नाही.

“मिळालं, सर... दोन ओळी. दोन ओळींपायी तो माणूस मेला असता.” त्याने डोळे पुसले. “आणि शाल्मलीचा यात काडीचा संबंध नव्हता.”

त्याने फोन उचलला. तिचं नाव काढलं. बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिला, आणि फोन पालथा ठेवला.

“लाव की,” सर म्हणाले.

“काय सांगू? चुकलो, एवढंच आहे माझ्याकडे. तेवढ्यावर कोणी फोन करतं का? आधी साहेबांशी बोलतो, तिची जागा परत मिळवतो, बढतीचं बघतो... काहीतरी हातात घेऊन मग करतो.”

सर त्याच्याकडे बघत राहिले. चेहरा पडलेला होता, निनादचा नव्हे, सरांचा.

मग ते गुडघ्यांवर हात रेटून उठले. लॅपटॉपशेजारची वाटी उचलली. चपला न घालताच दाराबाहेर पडले आणि समोरच्या दारापुढे जाऊन उभे राहिले.

निनाद उंबऱ्यापर्यंत आला. “सर...”

सरांनी बेल दाबली. आतून कोणीतरी “कोण आहे?” म्हणालं. सरांनी वाटी दोन्ही हातांत धरली.

दार उघडलं. सुतारवहिनींनी सरांकडे बघितलं, मग वाटीकडे, मग पुन्हा सरांकडे.

“वहिनी,” मुजावर सर म्हणाले, “रिकामीच आणलीय.”