बसलेल्यांभोवतीचा दोर

"ताई, कागदावर सिद्ध झालंय ना? मग पुन्हा अंगणात चालून कशाला दाखवायचं?" यदुनाथने विचारलं.

"कागद कुणाच्या अंगावर पडत नाही," अंबूताई म्हणाल्या. "माणसं पडतात. बोलाव सगळ्यांना."

तापीच्या काठावरचा हा लहानसा मठ. इथे भजन होतं आणि भूमितीही होते, आणि दोन्हींत कुणी चुकलं तर अंबूताई सारख्याच रागावतात. मठाचा एक रिवाज आहे. शिष्याने काढलेलं उत्तर माणसं उभी करून चालून पाहिल्याशिवाय खरं धरत नाहीत. संध्याकाळी गावातली माणसं येतात. प्रत्येक जण एक बिंदू होतो आणि शिष्य सांगेल तसा चालतो. अंगणाला भिंती नाहीत, माणसांची गर्दी चहूकडे संपतच नाही, असं तेवढ्यापुरतं समजायचं. उत्तर टिकलं तर शिष्याने मठ सोडून शिकवायला जायचं. नाही टिकलं तर राहायचं.

यदुनाथला जायचं होतं. लांबच्या शहरातल्या एका कॉलेजने त्याच्यासाठी जागा राखून ठेवली होती. तो विद्यापीठात पहिला आला होता, आणि मठात पाऊल ठेवल्या दिवशीच ही बातमी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली होती. ती कुणी पोहोचवली, हे सांगायला नको.

ताईंनी त्याला दिलेला प्रश्न असा होता. काही माणसं बसतील. कोण बसेल आणि कुठे, ते ताई ठरवतील. बसलेल्यांनी हलायचं नाही. उरलेल्यांपैकी एकानेही जागेवर राहायचं नाही. दोघांनी एका जागी यायचं नाही. कुठली जागा ओस पडता कामा नये. आणि शेजारी होते ते शेजारीच राहिले पाहिजेत, मध्ये फट पडता कामा नये. असं सगळ्यांनी चालायचं कसं, ते यदुनाथने सांगायचं.

माणसं जमली. ताईंनी झिपरूबाबांना अंगणाच्या मध्यावर नदीकडे तोंड करून बसवलं. म्हाताऱ्याने पागोटं सोडून मांडीवर घेतलं आणि लगेच डोळे मिटले. आणखी दोघांना ताईंनी इकडेतिकडे बसवलं.

यदुनाथ दोर घेऊन आला. प्रत्येक बसलेल्या माणसाभोवती त्याने दोराचं एकेक गोल कडं टाकलं. मग ओट्यावर चढून त्याने हुकूम सोडले.

"कड्याच्या आत जे आहेत, त्यांनी मधल्या माणसाभोवती फिरायचं. बाहेरच्यांनी नदीकडे सरकायचं. दोराजवळ आलात की पावलं बारीक करायची. चला."

लोक चालू लागले. दिसायला छान दिसत होतं. यदुनाथ ओट्यावर हाताची घडी घालून उभा राहिला.

"अहो मास्तर," स्वयंपाकघरातल्या ताराबाई ओरडल्या. त्या नेमक्या दोरावर उभ्या होत्या. "मी आतली का बाहेरची? फिरू का सरकू?"

यदुनाथ मनाशी हिशेब करू लागला.

त्या फिरल्या, तर बाहेरचा शेजारी सुटणार. सरकल्या, तर आतला सुटणार.

"तुम्ही... तुम्ही थांबा," तो म्हणाला. "दोरावरच्यांनी थांबायचं."

"बरं झालं बाई," ताराबाई म्हणाल्या. "नाहीतरी पाय मोडून आलेत."

ओट्यावरच उभ्या असलेल्या अंबूताईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"थांबायला मी कुणाला सांगितलं होतं?"

"बसलेल्यांना."

"ताराबाई बसल्या होत्या?"

"नाही."

"मग त्यांना कुणी थांबवलं?"

यदुनाथने दोराकडे पाहिलं. तिघांना जागेवर ठेवायला त्याने कडी टाकली होती, आणि आता कड्यांवरची सगळी माणसं खिळून उभी होती.

"दोराने," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. कॉलेजची जागा हातची गेली, असं त्याला वाटलं.

ताई ओट्यावरून उतरल्या. गुडघ्यावर हात ठेवत वाकल्या, दोराचं एक टोक उचललं आणि तो गुंडाळायला लागल्या. एक कडं गेलं, दुसरं गेलं, तिसरंही गेलं. कुणी मदतीला पुढे झालं, तर त्याला त्यांनी नजरेनेच मागे सारलं.

"दोर काढला तर बाबांना कोण राखणार?" यदुनाथ म्हणाला. "सगळे त्यांना तुडवून जातील."

ताईंनी त्याचं बोलणं ऐकलं न ऐकलंसं केलं.

"बाबांना भूक लागली असेल," त्या म्हणाल्या. "जा, विचारून ये. भाकरी आत्ता खाणार की मागून?"

यदुनाथला राग आला. इथे एवढा प्रश्न अडलाय आणि ताईंना भाकरीचं सुचतंय. तो ओट्यावरून उतरला आणि तरातरा निघाला.

निम्मं अंगण ओलांडलं तशी त्याची चाल मंदावली. आणखी पुढे गेल्यावर तो हळूहळू पाऊल टाकू लागला. बाबांपासून हातभर अंतरावर तर तो चवड्यांवर आला. म्हातारा तोंड उघडं टाकून घोरत होता.

"तिथेच थांब," ताई मागून म्हणाल्या. "असा मांजरासारखा का चालतोयस?"

"बाबा झोपलेत ना."

"मघाशी तर पाय आपटत निघाला होतास."

"तेव्हा लांब होतो."

"दोर होता?"

यदुनाथ एका पायावर उभा होता. दुसरा पाय खाली ठेवायचं तो विसरून गेला.

मग तो धावत ओट्यावर आला.

"कळलं!" तो ओरडला. "आतबाहेर काही नाही. सगळ्यांना एकच नियम. आपल्याला सगळ्यांत जवळ कोण बसलंय ते बघा. त्याच्यापासून आपण जेवढे लांब आहोत, तेवढं नदीच्या दिशेने चाला. बसलेल्यांचं स्वतःपासून अंतर काहीच नाही, म्हणून त्यांनी काहीच चालायचं नाही. बाकी प्रत्येकाला थोडं तरी चालावंच लागेल. निघा!"

लोक निघाले. बाजूचे नीट गेले. पुढचेही नीट गेले. पण झिपरूबाबांच्या बरोबर पाठीमागे एका ओळीत उभे असलेले सगळे नदीकडे तोंड करून निघाले. दोन हातांवरचा दोन हात चालला, दहा हातांवरचा दहा हात चालला. आणि सगळेच्या सगळे एकाच जागी पोहोचले.

ती जागा बाबांची होती.

"अरे मेल्यांनो!" झिपरूबाबा खालून ओरडले. "मी जिवंत आहे अजून! खांदा द्यायला आलात का काय?"

अंगण हसायला लागलं. ताराबाईंना तर हसून हसून ठसका लागला. यदुनाथने कपाळावर हात मारला. पण या वेळी तो स्वतःही हसत होता, आणि मठात आल्यापासून स्वतःच्या चुकीवर हसलेलं त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

"चुकलं कुठे?" ताईंनी विचारलं.

"पुरतं अंतर सांगितलं, तिथे. जेवढं लांब तेवढंच चाललं, तर सगळे त्याच्याच अंगावर जातात. निम्मं चालायला सांगतो."

"निम्मंच का? तिसरा हिस्सा चालणार नाही?"

"चालेल. थोडं कमीजास्तही चालेल. पुरतं मात्र नको."

"मग चालव."

सगळे पुन्हा आपापल्या पहिल्या जागी जाऊन उभे राहिले. झिपरूबाबांनी पागोटं झटकलं, मागे वळून सगळ्यांना एकदा दम दिला आणि परत डोळे मिटले.

"थांब," अंबूताई म्हणाल्या. "मीही बसते. गुडघे बोलायला लागलेत."

त्या अंगणात आल्या. यदुनाथने हात धरून त्यांना चिंचेखाली बसवलं. ओट्यावर परत जायला तो वळला, तर ताईंनी त्याचा हात सोडला नाही.

"तू कुठे निघालास? तूही बिंदूच आहेस. इथूनच सांग."

त्याने तिथूनच आवाज दिला. "आपापल्या अंतराच्या निम्मं. नदीकडे. चला."

अंगण हललं.

बाबांच्या मागची ओळ पुढे सरकली आणि त्यांच्या पाठीशी दाटली, पण कुणी कुणावर चढलं नाही. ठसक्यावर पाणी पिऊन आलेल्या ताराबाई आता दाराशीच, बसलेल्या सगळ्यांपासून लांब उभ्या होत्या. त्या लांबलांब पावलं टाकत, "अजून किती, मास्तर?" असं विचारत आल्या. कुणाचा शेजारी सुटला नाही. बसलेल्यांखेरीज जागेवर कुणीही राहिलं नाही. झिपरूबाबा घोरत होते.

यदुनाथही चालला. ताईंना तो खेटून उभा होता. त्याच्या वाट्याला जेमतेम वीतभर चालणं आलं.

नदीवरून वारा आला. लोक जिथे पोहोचले होते तिथेच उभे राहून एकमेकांकडे बघत होते, आणि सगळ्यांना उगाचच बरं वाटत होतं.

"टिकलं," अंबूताई म्हणाल्या. "उद्या सकाळी नीघ."

हेच ऐकायला तो इतके दिवस थांबला होता. आता ऐकलं, तर त्याचे डोळे भरून आले. तो ताईंजवळ खाली बसला.

"ताई, मला नाही जायचं."

त्याने डोळे पुसले.

"आज पहिल्यांदा काहीतरी कळलंय. तेही दोनदा चुकून. तिकडे मला चुकलास म्हणून सांगणारं कोण आहे? कॉलेजला नाही म्हणून कळवतो. मला इथेच राहू द्या, तुमच्याजवळ."

ताईंनी त्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि सावकाश उठल्या. लुगड्याची माती झटकली. मग ताराबाई दाराकडून किती लांबवर येऊन पोहोचल्या होत्या, तिकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"लांब जा, यदुनाथ," त्या म्हणाल्या. "जवळच्यांच्या वाट्याला चालणं फार थोडं येतं."