एका मताची लस

चिंचवलीत लसीकरणाचा तिसरा दिवस उजाडला आणि थोरवे सिस्टरांचं डोकं भणभणायला लागलं. खालच्या आळीतले सगळे लस टोचून घेऊन गेले होते. वरच्या आळीतून मात्र कुणी फिरकत नव्हतं. कारण काय, तर मांडवावरच्या बॅनरवर खालच्या आळीतल्या सरपंचांचा फोटो! सिस्टरांनी बॅनर काढला, तर सरपंच रुसले. पुन्हा लावला, तर वरच्या आळीचे पुढारी बापूसाहेब निंबोरे तरातरा मांडवात आले.

"त्या सरपंचाची लस आमचा एकही माणूस घेणार नाही!" ते गरजले.

लस सरपंचांच्या घरची नाही, हे सांगून सांगून सिस्टरांचा घसा बसला होता. त्यांनी हातातली यादी मिटली.

"बापूसाहेब, मागच्या निवडणुकीत तुम्हा दोघांना सारखीच मतं पडली होती ना?"

"हो! चिठ्ठी टाकली म्हणून तो सरपंच झाला. एक मत जास्त पडलं असतं, तर मीच होतो."

"मग ऐका. त्यांचे सगळे मतदार लस घेऊन निवांत बसलेत. तुमच्याकडचं एखादं म्हातारं माणूस या साथीत गेलं, तर पुढच्या वेळी चिठ्ठी टाकायचीही गरज पडणार नाही."

बापूसाहेब आल्या पावली माघारी फिरले. अर्ध्या तासात, एरवी फक्त मतदानाच्या दिवशी फिरणारी त्यांची जीप म्हाताऱ्यांना घेऊन मांडवासमोर उभी राहिली.

"चला, रांग लावा!" बापूसाहेब ओरडत होते.

सिस्टरांनी सिरिंज भरली.

"आधी उमेदवार," त्या म्हणाल्या. "करा बाही वर."