लाभ कोणाचा

वजनमापं बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. धान्यपेठेतला एक गाळा रिकामा झाला आणि हस्तिदंती फासा तिथे जुगाराचं दुकान मांडायला आला. शेजारच्या पेठेत त्याने बस्तान बसवल्यापासून तिथल्या कितीतरी चुली थंड पडल्या होत्या. तरीही तराजूचं पारडं जरा झुकलंच. "गिऱ्हाईक वाढेल," तो पुटपुटला.

जुनी पितळी पायली मात्र गाळ्याच्या दारात ठाण मांडून बसली. "आमच्या पेठेची रीत आहे, फासेराव. धान्य मोजताना पहिल्या मापाला आम्ही 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. सगळ्यांसमोर एकदा म्हणून दाखवा आणि खुशाल दुकान मांडा."

"एवढंच ना? माझा तर धंदाच लाभाचा," असं म्हणत फासा ऐटीत गडगडला. पाच पडले. पण 'लाभ' म्हणण्याआधी तो इकडेतिकडे बघू लागला.

"म्हणा की," सूप म्हणालं.

"आधी कोण जिंकलं ते तरी सांगा. लाभ कोणाचा म्हणू?"

तराजूने आपली दांडी सरळ केली.

"बाबा रे," पायली म्हणाली, "देणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात आणि हा शब्द आम्ही दोघांसाठी एकदाच उच्चारतो. कोणाचा, हे या पेठेत आजवर कुणाला विचारावं लागलेलं नाही."

फासा आल्या वाटेने निघून गेला. पायली ज्वारीच्या राशीत उतरली, शिगोशीग भरली आणि पेठेच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लाभ."