फिरतंय कोण?

गिरवडी संस्थानातल्या एका गावात लाळ्या-खुरकुताचा रोग शिरला. गुरांच्या तोंडाला फेस आला, खुरं चिघळली. कारभारी त्रिंबकरावांनी ताबडतोब हुकूम सोडला : सगळी गुरं दावणीलाच राहतील, आणि रोगट गावचं जनावर आलंच तर दहा दिवस वेशीबाहेरच्या गोठ्यात बांधायचं.

हुकूम पाळला जातोय का, हे बघायला ते स्वतः दोन शिपाई घेऊन निघाले. गोठ्यात शिरायचं, आजारी जनावराचा जबडा उघडून बघायचा, मिशीला पीळ भरायचा आणि पुढचं गाव गाठायचं. तरी रोग पसरतच गेला.

आठवं गाव अजून धडधाकट होतं. तिथल्या वेशीत हिराई गवळण काठी आडवी धरून उभी राहिली.

“कुठनं आलात, सरकार?”

“सात रोगट गावं पालथी घातली! एक गोठा सोडला नाही. हो बाजूला!”

हिराईनं त्यांचे शेणानं माखलेले जोडे पाहिले. “मग दहा दिस वेशीबाहेरच्या गोठ्यात ऱ्हावा.”

“मूर्ख बाई! हुकूम गुरांसाठी आहे!”

“व्हय, सरकार. तुमच्या हुकमानं सातही गावांतली गुरं दावणीला हायेत. एकानंबी वेस वलांडली न्हाई. तरी रोग गावोगाव पोचतोय. मग फिरतंय कोण?”

शिपायांनी हसू लपवायला माना खाली घातल्या. त्रिंबकराव आपल्या जोड्यांकडे बघतच राहिले.

हिराईनं अदबीनं वाट दाखवली. “गोठा झाडून ठेवलाय, सरकार. वैरण हिरवी घालू का वाळली?”